लाल बटणाचा ताईत

अब्बास धनसेच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं होतं. किती दिवस राहिलं, हे सखाराम म्हात्रे मनातसुद्धा मोजत नसत. ते काम पत्रावरचा पोस्टाचा शिक्का करत असे. दोन वर्षं आणि दोन महिने. पत्र हरवलेलं नव्हतं. टेबलाच्या पहिल्या खणात, सगळ्यात वर, चष्मा काढताना रोज दिसेल अशा जागी ते ठेवलेलं होतं. उत्तर देण्याची आठवण राहावी म्हणूनच त्यांनी ते तिथे ठेवलं होतं आणि आठवण अगदी व्यवस्थित राहिली होती.

अब्बास आणि सखाराम रोह्याच्या शाळेत एका बाकावर होते. पुढे अब्बासने वडिलांची भातशेती आणि वाडी सांभाळली, सखाराम पेणला एका शाळेत ग्रंथपाल म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पत्रात अब्बासने लिहिलं होतं :

'फैजल मस्कतहून मागे लागलाय. म्हणतो, अब्बा, एकटे वाडीत फिरता, कुठं पडलात तर कळणार नाही, म्हाताऱ्यांसाठी मदतीचं बटण मिळतं ते घ्या. तीन-चार प्रकारच्या जाहिराती पाठवल्यात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तू जन्मभर पुस्तकांत बसलास. वाच, आणि कुठलं घेऊ ते कळव. तुझं उत्तर येईपर्यंत मी काही घेत नाही. डोळे अधू झालेत, पत्र सून वाचून दाखवते, तेव्हा अक्षर नीट काढ. खाली फोन नंबर दिलाय. पण तू फोन करणार नाहीस, हे मला ठाऊक आहे.'

सखारामांनी फोन केला नाही. त्यांनी वही केली. वहीत रकाने पाडले आणि बाजारात मिळणाऱ्या झाडून साऱ्या बटणांची माहिती त्यात भरायला घेतली. चाळिसाव्या पानावर त्यांना वाटलं, आता लिहावं. मग वाटलं, एखादा मुद्दा सुटला असेल तर? माणसाच्या जिवाचा प्रश्न, आणि सल्ला कुणाचा, तर ज्याने आयुष्यात फक्त पुस्तकांना नंबर घातले त्याचा. त्यांनी आणखी वीस पानं भरली. तोवर एवढा उशीर झाला होता की आधी उशिराबद्दल काय लिहायचं, हाच प्रश्न होऊन बसला.

मे महिन्यात ते स्वतःच न्हाणीघरात पडले.

लागलं काही नाही; फक्त उठता येईना. पलीकडे वीस पावलांवर धनेशचा गणपतीचा कारखाना होता, तिथे आठ माणसं गप्पा मारत माती कालवत होती. हाक मारली असती तर आठही धावली असती. पण कामाच्या वेळी लोकांना उठवायचं, तेही अशा अवस्थेत, हे सखारामांना प्रशस्त वाटेना. ते तीन तास तिथेच बसले. हाताशी वाचायला साबणाच्या पावडरीचा पुडा होता. तो त्यांनी चौदा वेळा वाचला आणि त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या. दुपारी स्वयंपाकाला येणाऱ्या धोंडुबाईंनी त्यांना उठवलं.

"हाक मारायची नाय का, सर?"

"तुम्ही येणारच होतात ना," सखाराम म्हणाले.

धोंडुबाईंनी ही गोष्ट ठाण्याला नमिताच्या कानावर घातली. नमिता ही सखारामांची एकुलती एक मुलगी. ती रविवारी आली, रडली, मग डोळे पुसून तिने अट घातली. आषाढ संपायच्या आत बाबांनी मदतीचं बटण निवडायचं आणि वापरायचं. नाहीतर पेणचं घर बंद करून कायमचं ठाण्याला यायचं.

"तुमची खोली तयारच आहे, बाबा," ती म्हणाली. "पुस्तकांसाठी कपाटातला एक कप्पासुद्धा रिकामा केलाय."

सखारामांनी घराच्या चारी भिंतींकडे पाहिलं. दोन हजार तीनशे पुस्तकं होती. त्यांनी दुसऱ्याच दिवशी वही काढली.

प्रकार मुख्यतः तीन होते. पहिलं भिंतीवर लावायचं बटण. ते स्वस्त होतं, पण पडायचं तर त्या भिंतीपाशीच पडायला हवं, आणि आपण एवढे शिस्तीने पडू याची सखारामांना खात्री नव्हती. दुसरं मनगटी घड्याळ. ते नमिताने आठ दिवस वापरून बघायला आणलं. ते दर तासाला थरथरायचं आणि 'उठा, थोडं चाला' असं सांगायचं. सखाराम पुस्तक मिटून, कुणी मोठ्या माणसाने सांगितल्यासारखे उठायचे आणि खोलीत दोन चकरा मारायचे. आठ दिवसांत एक प्रकरण वाचून झालं नाही. घड्याळ परत गेलं. उरलं गळ्यातलं : काळ्या दोरीला सुपारीएवढा पांढरा डबा, त्यावर एक लाल बटण. माणूस पडला की त्याला आपोआप कळायचं, मग आतून केंद्रातली मुलगी बोलायची. माणूस कुठे आहे, तेही नमिताच्या फोनवर निळ्या ठिपक्याने दिसायचं. धोंडुबाईंनी पहिल्याच दिवशी त्याला ताईत म्हणायला सुरुवात केली.

अर्जात जवळच्या दोन माणसांचे फोन नंबर हवे होते. पहिला नमिताचा. दुसऱ्या जागेवर सखाराम दोन दिवस अडले. धनेश सीझनमध्ये फोन उचलत नाही. धोंडुबाईंना आधीच पुष्कळ त्रास दिलेला. शेवटी त्यांनी खण उघडला आणि अब्बासच्या पत्राच्या तळाशी असलेला नंबर लिहून टाकला. न विचारता दिला हे चूकच होतं. पण विचारायचं म्हणजे पत्र लिहायचं, आणि पत्र लिहायचं म्हणजे आधी त्या पत्राचं उत्तर द्यायचं. या आठवड्यात दोन्ही एकदमच लिहू, असं त्यांनी ठरवलं.

अडचण दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. खालच्या फळीवरचं पुस्तक काढायला सखाराम झटकन वाकले आणि ताईत बोलला.

"सखाराम काका, तुम्ही पडलात का?"

आवाज गोड होता, काळजीचा होता. कुठल्याशा शहरात बसलेली ती मुलगी हातातलं काम टाकून आपल्यासाठी बोलतेय, आणि आपण तिला सांगायचं की काही झालं नाही? सखाराम शरमले.

"थोडासा," ते म्हणाले.

"उठता येतंय का, काका?"

"येतंय. तुम्ही विचारलंत, बरं वाटलं."

आरामखुर्चीत जरा जोरात बसले, ताईत बोलला. चप्पल शोधायला पलंगाखाली वाकले, ताईत बोलला. दरवेळी सखाराम म्हणत, "थोडासा." आठवड्याभरात केंद्राच्या दप्तरी सखाराम म्हात्रे, वय शहात्तर, हे सात वेळा पडले. त्यांच्या नावापुढे लाल खूण झाली. आठव्यांदा मुलीने काळजीने विचारलं की आधाराला कुणी माणूस पाठवू का. तेव्हा मात्र ते घाबरले आणि वाचायला बसताना ताईत काढून ठेवू लागले.

ठेवायचा कुठे, तर हाताशी. पेणच्या त्या आळीत आषाढात कुणाचीही पडवी त्याची स्वतःची नसते. कारखान्यात जागा पुरत नाही, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पडव्यांत न रंगवलेल्या कच्च्या मूर्ती ओळीने वाळत बसतात. सखारामांच्या पडवीत धनेशच्या बावीस मूर्ती होत्या. त्यांच्या खुर्चीला लागूनच एक दोन फुटी गणपती होता, आशीर्वादाचा हात नेमका खांद्याच्या उंचीला. मंगळवारी संध्याकाळी सखारामांनी ताईत त्या हातात अडकवला, पुस्तक संपवलं, आणि जेवायला आत गेले.

बुधवारी सकाळी नऊ वाजता मूर्ती रंगवायला नेण्यासाठी धनेशचा ड्रायव्हर पोपट टेंपो घेऊन आला. माणसांनी मूर्ती जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळल्या, वरून प्लास्टिक घातलं आणि बावीसच्या बावीस उचलून नेल्या. सखाराम आत वाचत होते. त्यांनी मान न उचलता एकदा हात हलवला.

अकरा वाजता धोंडुबाई कानाला फोन लावूनच आल्या आणि उंबऱ्यावर थबकल्या.

"सर, तुम्ही हितंच हाय?"

"हो. का?"

"मग नागोठण्याच्या पुढं कोण गेलंय?" असं म्हणून त्या फोनमध्ये म्हणाल्या, "ताई, सर हितं समोर बसलेत गो. पुस्तक वाचतायत."

फोनमधून नमिताचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला. "धोंडुबाई, त्यांनी तुम्हाला असं सांगायला सांगितलंय ना?"

"नाय गो. माझ्या डोळ्यांनी बघते ना मी."

"मलाही दिसतायत. नकाशावर. रोह्याच्या रस्त्यावर आहेत."

सखारामांनी फोन घेतला. "नमिता, मी घरी आहे."

"बाबा, किती खोल आवाज येतोय तुमचा. फार लागलंय का?"

"अगं, मी घरी आहे."

"वडखळला पडलात. नागोठण्याला परत पडलात. कंबर दुखतेय म्हणून तुम्हीच केंद्राला सांगितलंत. आणि आता म्हणताय घरी आहे." तिचा आवाज कापरा झाला. "डोक्याला मार लागला की माणसाला आपण कुठे आहोत ते कळत नाही म्हणे. मी चोवीस फोन केले तुम्हाला."

ते खरं होतं. सखारामांचा फोन कपाटात, कोशांच्या मागे होता. वाचनालयात फोन वाजू द्यायचा नाही ही त्यांची तीस वर्षांची शिस्त, त्यामुळे त्याचा आवाज कायमचा बंद होता. त्यांनी छातीवर हात नेला. दोरी नव्हती. ते उठून पडवीत आले. तिथे गणपती नव्हते. बावीस गोल डाग होते.

"धनेश," त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कारखान्याकडे तोंड करून हाक मारली.

धनेश हातांना माती तशीच ठेवून आला. हकिगत ऐकून तो म्हणाला, "हातात अडकवलेली काळी दोरी? ती बघितली मी. मला वाटलं, सरांनी आपल्यासाठी मूर्ती धरून ठेवली. म्हटलं आता विचारायचं काय, देऊ रंगवून."

कारखान्यातला रिवाजच तसा होता. मूर्तीच्या हातात सुतळी असो, चिठ्ठी असो की कुणाच्या केसांची क्लिप असो, ती गिऱ्हाइकाची खूण. ती जिथे असेल तिथेच ठेवायची, मूर्तीसकट गुंडाळायची आणि रंगवणाऱ्याकडे पाठवायची. त्यामुळे चार माणसांनी ताईत पाहिला होता आणि चौघांनीही त्याला हात लावला नव्हता.

इतक्यात धनेशचाच फोन वाजला. पोपट होता. धनेशचे हात मातीचे, म्हणून धोंडुबाईंनी बटण दाबून फोन मोठ्याने लावला.

"शेठ," पोपट हळू आवाजात म्हणाला, "रागावू नका. मी पिलेलो नाय. आपला एक गणपती बोलतोय."

"काय बोलतोय?"

"वडखळच्या खड्ड्यात टेंपो आपटला ना, तेव्हा मागनं आवाज आला. काका, माझा आवाज येतोय का? मी म्हटलं, येतोय. मग म्हणाला, कुठं दुखतंय का? मी म्हटलं, कंबर दुखते."

"तू गणपतीला कंबर सांगितलीस?"

"विचारल्यावर काय खोटं बोलू?" पोपट म्हणाला. "नागोठण्याला परत आपटला, परत विचारलं. म्हटलं, वाढलंय दुखणं. तर म्हणाला, घाबरू नका, मदत पाठवतोय. आवाज बाईमाणसाचा हाय, पण आपण कोण विचारणार. मी आता रोह्यात पोचलोय. मदतीची वाट बघतोय."

त्याने फोन ठेवला. सखारामांनी सगळा प्रकार नमिताला परत पहिल्यापासून, पुस्तकाचं सार सांगावं तसा सांगितला. तिने केंद्राला विचारलं आणि पाच मिनिटांनी तिचा उलट फोन आला. आता आवाज कापरा नव्हता. ते जास्त वाईट होतं.

"अँब्युलन्स निघालीय. रद्द करायची तर त्या डब्यावरचं लाल बटण तीन सेकंद दाबून स्वतः तुम्ही बोलायला हवं. घरच्या माणसाचं ते ऐकत नाहीत, कारण तुमच्या नावापुढे लाल खूण आहे. आठवड्यात सात वेळा पडलात म्हणे. मला एकदाही सांगितलं नाहीत."

"अगं, ते पडणं म्हणजे..."

"मी गाडी काढून रोह्याला येतेय. तिथूनच सरळ ठाण्याला जायचं. एक बॅग भरून घ्या. आणि बाबा, ते धनसे कोण? केंद्राने त्यांना कधीच कळवलंय. ते तुम्हाला शोधायला निघालेत."

अँब्युलन्सचं ऐकून सखाराम नुसते अस्वस्थ झाले होते. हे ऐकल्यावर मात्र ते पायरीवर बसले. दोन वर्षं दोन महिने ज्या माणसाला चार ओळी लिहिल्या नाहीत, तो या वयात आपल्याला रोह्यात शोधत फिरतोय. सकाळी आपण खरोखरच पडलो असतो तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

धनेशने हात धुतले आणि मोटरसायकल काढली. सखारामांनी बॅग भरली नाही. पण भरलीच तर कुठली पुस्तकं घ्यायची, याचा विचार त्यांनी वडखळपर्यंत केला. पुढे अब्बासला काय सांगायचं, याची वाक्यं जुळवली. नागोठण्याचा पूल येईपर्यंत पाच झाली. प्रत्येक खड्ड्याला एकेक निसटत गेलं, आणि कुंडलिका दिसली तेव्हा एकही शिल्लक नव्हतं.

मूर्ती रंगवायच्या कारखान्याबाहेर तीस-चाळीस माणसं जमली होती. अँब्युलन्सची मागची दारं उघडी होती. आत पोपट स्ट्रेचरवर उताणा पडला होता, छातीवरून पट्टे बांधलेले आणि चेहऱ्यावर अपार समाधान.

"अरे, तू काय करतोस तिथं?" धनेशने विचारलं.

"कंबर कुणाची दुखते, असं विचारलं. म्हटलं, माझी. झोपवलं," पोपट म्हणाला. "शेठ, देवानं गाडी पाठवली. नाय कशी म्हणू?"

गर्दीच्या मधोमध एका प्लास्टिकच्या खुर्चीवर गणपती बसवला होता. कागद खांद्यापर्यंत सोडवलेला, हातात काळी दोरी. भुरभुर पाऊस होता आणि शेजारी स्टुलावर बसलेला एक उंच, वाळका म्हातारा मूर्तीवर छत्री धरून होता. स्वतः तो भिजत होता.

"कच्ची माती," तो कुणाला तरी समजावत होता. "पाणी लागलं तर बोटं गळतील. सखारामची वस्तू हाय, तो येईपर्यंत सांभाळायला नको?"

मग त्याने वर पाहिलं. सखाराम समोर उभे होते. बोलायचं पुष्कळ होतं, पण त्यांच्या तोंडून फक्त "अब्बास" एवढंच निघालं.

"आलास?" अब्बास म्हणाला. "मला वाटलं, गणपतीला पाठवून भागवतोस की काय."

ताईतातून मुलगी अजून बोलतच होती. सखारामांनी गणपतीच्या हातातून दोरी सोडवली आणि लाल बटण दाबून मनात तीन आकडे मोजले.

"सखाराम काका? मदत पोचली का? कंबर कशी आहे?"

चाळीस माणसं ऐकत होती. सखारामांनी घसा साफ केला.

"माझी कंबर बरी आहे. मी पडलो नव्हतो."

"असू दे काका, घाबरू नका. तुम्ही याआधीही सात वेळा..."

"त्या सातही वेळा पडलो नव्हतो," सखाराम म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "तुम्ही एवढ्या आस्थेने विचारत होतात. नाही म्हणायला संकोच वाटला."

गर्दीतून कुणीतरी हसलं. मग मुलगी म्हणाली, "काका, पुढच्या वेळी नाही म्हणालात तरी मला वाईट वाटणार नाही." आणि आवाज बंद झाला.

पोपटला उतरवायला मात्र वेळ लागला. अँब्युलन्सवाल्याने त्याची कंबर तपासली, पट्टा बांधायला सांगितला आणि टेंपोचे शॉकअप बदलायचा सल्ला दिला. धनेश त्याला आणि उरलेल्या मूर्तींना घेऊन आत गेला.

अब्बासची सून सायरा सखारामांना जेवायला घरी घेऊन गेली. तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण वाढता वाढता तिने विषयाला हात घातला.

"चाचा, तुम्हाला एक विचारू? अब्बांनी तुम्हाला एक खत पाठवलेलं. मीच लिहून दिलेलं ते."

सखारामांचा घास हातातच राहिला. "त्याबद्दल मला माफ..."

"माफी कसली मागता? दर जुम्याला फैजलचा फोन येतो. विचारतो, अब्बा, बटण घेतलं का? अब्बा सांगतात, सखारामचं उत्तर नाय आलं अजून. तो विचार करूनच लिहिणार. त्याच्या शब्दाबाहेर मी नाय जायचा. दोन वर्षं हेच चाललंय."

सखारामांनी अब्बासकडे पाहिलं. अब्बास माशाचा काटा काढण्यात गढून गेला होता.

"तुझ्या उत्तराइतकं कामाला आलेलं दुसरं काय नाय," तो मान खाली घालून पुटपुटला. "आणखी दोन वर्षं लाव. घाई नाय."

"काय घाई नाय?" सायरा म्हणाली. "चाचा, आज आलाच आहात तर तोंडी सांगून जा. घ्यायचं की नाय?"

"तोंडी कशाला? तो लिहील," अब्बास घाईने म्हणाला. "त्याला लिहायचीच सवय हाय. त्याला त्रास नको देऊ गो."

हात धुवायला दोघं मागच्या दारी गेले तेव्हा सखारामांना दिसलं. अब्बासचा पायजमा मागून कमरेपासून टाचेपर्यंत चिखलाने माखला होता आणि तांब्या उचलताना त्याचा उजवा हात वर येत नव्हता. मघा गर्दीत तो स्टुलावरून का उठला नव्हता, ते आता कळलं.

"कुठे पडलास?"

"पुलाजवळ. तुला शोधायला धावत होतो ना," अब्बास म्हणाला. "पाय सरकला. दहाएक मिनटं बसून राहिलो. कुणी नव्हतं तिथं. मग आपणच उठलो." त्याने आत डोकावून पाहिलं. "सायराला सांगू नको, तिला वाटतंय टेंपोनं चिखल उडवला. आणि खतात तर बिलकूल लिहू नको, ती वाचून दाखवते."

सखारामांनी मान हलवली. कशासाठी हलवली, ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं.

नमिता तीन वाजता आली. तिने बाबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, बॅग आणली नाही हेही पाहिलं, आणि बोलायला तोंड उघडलं. पण सायराने आधी तिच्यासमोर ताट ठेवलं आणि अब्बासने तेवढ्यात बोलून घेतलं.

"बेटी, आज तुझा बाप घरात बसलेला होता, तरी त्याला शोधायला इथं चाळीस माणूस रस्त्यावर आलं. ठाण्याला तो खरंच पडला, तर किती येतील?"

नमिताने ताट जवळ ओढलं. ठाण्याच्या तिच्या मजल्यावर समोरच्या दाराला पाटी होती. पाटीवरचं नाव आठवायचा तिने प्रयत्न केला आणि शेवटी भाकरीचा तुकडा मोडला.

"पण मग ताईत गळ्यातून निघता कामा नये," ती म्हणाली. "वाचतानासुद्धा. फोनचा आवाज चालू ठेवायचा. आणि पडला नसाल तर नाही म्हणायचं."

"म्हणेन," सखाराम म्हणाले. पहिल्या दोन अटींपेक्षा ही तिसरी जड होती.

पेणला परतल्यावर त्यांनी वही खणात टाकली आणि आंतरदेशीय पत्र काढलं. तीन दिवसांत चार खर्डे झाले. पहिल्या तिन्हींत त्यांनी अब्बासची बाजू सांभाळली होती : घाई नको, अजून पाहतो, पुढच्या महिन्यात नवीन प्रकार येत आहेत. तिन्ही वाचायला छान होते. दरवेळी त्यांना तो पायजम्यावरचा चिखल आठवे आणि खर्डा फाडला जाई. चौथा सगळ्यांत लहान होता.

'प्रिय अब्बास,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला जरा उशीर झाला. गळ्यातलं घे. मनगटी घेऊ नकोस, ते उपदेश करतं. परवा पुलाजवळ तू पडलास आणि उजवा हात दुखावलास, हे मी सायराला सांगितलेलं नाही. पत्र तीच आधी वाचते, हे माझ्या लक्षात आहे.

तुझा,
सखाराम

ता. क. दुसऱ्या नंबरच्या जागी माझा नंबर घाल. आता फोन वाजतो.'

पत्ता त्यांनी सायराला लागेल असा सुवाच्य लिहिला. शनिवारी सकाळी, विचार बदलायच्या आत, ते पोस्टापाशी गेले. बाजाराची वेळ होती. पेटीच्या तोंडाशी त्यांनी पत्र थोडा वेळ धरून ठेवलं, मग सोडलं. ते तळाला पडल्याचा बारीक आवाज आला. त्याच नादात काखेतली छत्री निसटली आणि ती धरायला सखाराम झटकन वाकले.

"सखाराम काका, तुम्ही पडलात का?" ताईताने खणखणीत आवाजात विचारलं.

भाजीवाली थांबली. रिक्षा स्टँडवरच्या सगळ्या माना वळल्या. सखारामांनी छत्री उचलली, पाठ सरळ केली आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"नाही. पत्र टाकत होतो."